गोजराबाईचा ग्लास

सावळदरीच्या माळावर त्या रविवारी मुंगीला वाट नव्हती. आजूबाजूच्या तांड्यांवरून लोक ट्रॅक्टर भरभरून आले होते. बाया एका अंगाला, माणसं दुसऱ्या अंगाला, आणि मधोमध देवीच्या ओट्यावर लाल कफनी, लाल फेटा आणि लाल डोळे घेऊन बसलेले रक्तांबर महाराज. डोळे कशानं लाल झाले होते ते जवळ बसलेल्यांना वासावरून कळत होतं. पण देवमाणसाच्या तोंडाचा वास घ्यायचा नसतो, एवढं शहाणपण आपल्या लोकांना कुणी शिकवावं लागत नाही.

कारण तसं मोठं होतं. ज्वारीची कापणी झाली आणि गावातली गुरं मरायला लागली. सकाळी धडधाकट चरायला गेलेलं जनावर दुपारी शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच पाय खोडत पडायचं. बबनरावांची बैलजोडी एकाच दिवशी गेली. बबनराव म्हणजे गावातला वजनदार माणूस, संत्र्याची बाग, दारात जीप. त्यांनी जीप काढली, पण गुरांच्या डॉक्टरकडे नेली नाही. महाराजांकडे नेली.

महाराजांनी गावात पाय ठेवल्या ठेवल्या नाक वर करून हुंगलं आणि सांगितलं, "डाकीण हाय! ह्याच गावात हाय. जनावरं खाऊन राह्यली. आता माणसं खाईन!"

आणि तिला शोधण्यासाठी आज हा दरबार भरला होता. गावातल्या प्रत्येक बाईची परीक्षा.

"मोबाईल सारे टोपल्यात टाका!" महाराज ओट्यावरून गरजले. "मोबाईलची लहर मातेले सोसत नाही!"

मातेला लहर सोसत नव्हती की महाराजांना कॅमेरा, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. टोपलं भरलं. चेल्यानं ते ओट्यामागं नेऊन ठेवलं.

मग महाराजांनी कफनीतून एक छोटी बाटली काढली. "ये देखो! मातेनं म्हैसासुर मारला, तवा त्याचं रगत भुईवर पडू देल्लं नाही. ह्या बाटलीत धरलं. माह्या गुरूच्या गुरूले हिमालयात देल्लं. आज बी ताजं हाय! ज्या बाईचं मन साफ, तिच्या पाण्यातलं हे रगत माता पिऊन टाकीन. अन् जी डाकीण असीन तिच्या पाण्याची माती होईन, माती!"

म्हैसासुराला मरून किती युगं लोटली देव जाणे, पण रक्त काही गोठलं नव्हतं. आणि हिमालयातून आलेली ती बाटली डोळ्यांत टाकायच्या औषधाची होती. लेबल खरवडून काढलेलं, बूच मात्र तेच.

परीक्षा सुरू झाली. चेला माठातलं तीर्थ स्टीलच्या ग्लासात ओतायचा, ग्लास बाईच्या हातात द्यायचा. महाराज वरून थेंब सोडायचे. पाण्यात जांभळा धूर पसरायचा, बाई डोळे फाडून बघायची, आणि बघता बघता सगळा जांभळा रंग नाहीसा. पाणी स्वच्छ.

"पेली! मातेनं रगत पेलं! बाई निर्मळ!"

"जगदंबे की जय!" माळ दणाणून जायचा. बाई रडत रडत महाराजांच्या पायावर पडायची.

रांगेत योगिनी होती. जानरावांची पोरगी, मानोऱ्याच्या कॉलेजात बारावी सायन्सला. तिचा नंबर आला तेव्हा तिनंही मनातल्या मनात मातेला हात जोडले. खोटं कशाला सांगा, विज्ञान शाखेत नाव असलं म्हणून डोक्यातही विज्ञान असतं असं नाही. थेंब पडले, जांभळं झालं, मावळलं, आणि पोरीच्या तोंडून आपसूक "जय" निघालं. सुटलो बाप्पा, एवढंच तिच्या मनात आलं.

तिच्यामागं तिची मोठ्याई उभी होती. गोजराबाई. जानरावांच्या थोरल्या भावाची विधवा बायको, एकाच आवारात वेगळी चूल. योगिनीची आई शेतावर गेली की योगिनीला सांभाळायची ती हीच. जीभ मात्र तिखट. महाराज आले त्या दिवशी चावडीपुढं सगळ्यांच्या देखत ती म्हणाली होती, "जनावरं मेली तं जनावराचा डॉक्टर आणा न. हा नंदीबैल कायले आणला?" लोक फसकन हसले होते. महाराज हसले नव्हते. त्यांनी फक्त शेजारच्याला विचारलं होतं, "ही बाई कोण?"

आता चेल्यानं खाली वाकून दुसऱ्या थप्पीतला ग्लास काढला. माठातलं पाणी भरलं. महाराजांनी थेंब सोडले.

जांभळं मावळलं नाही. आधी ते मळकट झालं, मग तपकिरी, मग ग्लासात चक्क चिखल दिसायला लागला.

 मग महाराजांनी ग्लास तिच्या हातातून हिसकावला, अर्धा आपल्या पांढऱ्या उपरण्यावर ओतला आणि तो गंजल्यासारखा डाग उंच धरला. "माती! पहा, माती झाली! हेच ते डाकीण!"

"अरे मुडद्या, काय टाकलं तू माह्या पाण्यात?" गोजराबाई ओरडली. तिचं पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. मागून कुणीतरी तिचे केस धरले आणि ती पाठीवर पडली.

"थांबा!" महाराजांनी हात वर केला. "कायदा हाय मातेचा. मी माह्या हातानं मुंगी मारत नाही. पयला फटका घरच्याचा! हिच्या घरचं कोण हाय? घरच्यानं हात उचलला नाही, तं ते घर बी डाकीणीचं!"

लोकांनी जानरावांना पुढं ढकललं. त्यांच्या हातात आसूड दिला. जानरावांनी एकदा आपल्या बायकोकडं पाहिलं, एकदा योगिनीकडं, आणि मग भुईवर पडलेल्या भावजयीकडं.

"वहिनी," ते पुटपुटले, आणि त्यांनी आसूड मारला.

"हे काय मारणं झालं? गोंजारून राह्यला काय?" महाराज खेकसले.

दुसरा फटका जोरात बसला. लुगडं फाटलं आणि पाठीची कातडी वर आली. गोजराबाई नुसती दिराकडं पाहत राहिली. जानरावांनी आसूड टाकून दिला. तो खाली पडला नाही, दुसऱ्यानं वरच्या वर झेलला.

मग कुणाला धरबंद राहिला नाही. ज्यांची गुरं मेली होती त्यांनी मारलं, ज्यांची मेली नव्हती त्यांनीही मारलं. कुणी लाथ घातली तेव्हा तिचे पुढचे दोन दात पडले. कानातलं ओरबाडताना कानाची पाळ फाटली. ज्या बाईचं पहिलं बाळंतपण गोजराबाईनं रात्र जागून केलं होतं, तिनंही पायातली चप्पल काढली. मघाशी निर्मळ ठरलेल्या बायांना आपण निर्मळ आहोत हे दाखवायची मोठी घाई झाली होती. रक्त आणि धूळ मिळून गोजराबाईचं तोंड ओळखू येईना.

"मोठ्याई!" योगिनी धावली. आईनं तिला कवळा घालून धरून ठेवलं. "जाऊ नको माय, तुलेही मारतीन! जाऊ नको!"

महाराज तो उरलेला अर्धा ग्लास घेऊन बायांच्या रांगेपुढून फिरत होते. "पाहून घ्या, डाकीणीचं पाणी! पाहून घ्या!" ग्लास योगिनीच्या नाकापुढं आला आणि तिची नजर त्यातच अडकली.

हा चिखल तिनं पाहिला होता. परवाच, शुक्रवारी, कॉलेजच्या लॅबमध्ये.

परवा टायट्रेशनचं प्रॅक्टिकल होतं. चंबूत लोखंडाच्या क्षाराचं पाणी घ्यायचं, वरच्या नळीतून जांभळं पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब सोडायचं. थेंब पडतो, रंग नाहीसा होतो. सगळ्यांचं तसं झालं. योगिनीच्या चंबूत मात्र असाच तपकिरी गाळ झाला आणि पोरं फिदीफिदी हसली. धम्मरत्न सरांनी चंबू उजेडात धरला, मग तिची वही पाहिली. "हे पहाय, समीकरणात डाव्या अंगाले आठ हायड्रोजन विसरली तू. कागदावर विसरली म्हणूनच चंबूत ॲसिड टाकायचं विसरली. चूक एकच हाय, पोरी. आंबट पाण्याशिवाय परमँगनेट साफ होत नाही, त्याचा गाळ बसते." तिच्या बोटांना त्या दिवशी लागलेले तपकिरी डाग अजून गेले नव्हते. आणि ग्लास धरलेल्या महाराजांच्या नखांवरही तेच डाग होते.

पोरीचं डोकं भराभरा चालायला लागलं. सगळ्या बायांचा रंग उडाला, म्हणजे माठातलं पाणी आंबट आहे. मोठ्याईचं पाणीही त्याच माठातलं, फक्त ग्लास चेल्यानं खालच्या थप्पीतून काढलेला. मग तिच्याच ग्लासातला आंबटपणा कुठं गेला? आंबटपणा मारतं काय? राख मारते. सोडा मारतो. चुना मारतो.

"उचला हिले!" तिकडं महाराज ओरडले. "तेल तापलं काय?"

ओट्याच्या खाली महाप्रसादाच्या पुऱ्यांसाठी भली मोठी कढई चढवली होती. तेल धुरावलं होतं. "हिचे दोन्ही हात तेलात घाला! डाकीण नसीन तं माता भाजू देणार नाही. अन् असीन तं तिची विद्या जळून जाईन!"

म्हणजे भाजली तर डाकीण होती, आणि नाही भाजली तर माता मोठी. कौल कुठूनही फिरवा, महाराजांकडंच. चौघांनी गोजराबाईला काखेत धरून उचललं. ती पाय रोवत होती, पाय फरफटत होते. "नका रे," ती पहिल्यांदाच म्हणाली. "हात नका जाळू. मी एकटी बाई, हात गेले तं खाऊ काय?"

योगिनी आईच्या मनगटाला चावली. आईची मिठी सुटली. पोरगी धावत कढईपाशी गेली, लांब दांड्याचा लोखंडी झारा कढईच्या कानात घातला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. कढई कलंडली. तेल भडकन चुलीत गेलं आणि पुरुषभर जाळ उठला. माणसं किंचाळत मागं हटली, चौघांनी गोजराबाईला टाकलं. तेलाचा ओघळ चेल्याच्या पायावर गेला आणि तो एका पायावर नाचायला लागला. योगिनीच्या डाव्या पावलावरही तेल उडालं होतं. कातडी पांढरी पडली आणि लगेच फोड आले. तिला ते नंतर कळलं.

चेल्यानं तिची वेणी धरली आणि तिला ओट्यावर आपटलं. तिचं कपाळ फुटलं. तेवढ्यात जानराव धावत आले आणि त्यांनीही पोरीच्या मुस्काटात मारली. "बयाड झाली काय तू? आपल्या घरावर आणतं काय?"

"मारा बाबा!" तिच्या डोळ्यात रक्त उतरत होतं. "मोठ्याईले मारलं, आता मले मारा! पण आधी ह्या ग्लासात बोट घालून पहा!"

"हिच्या बी अंगात शिरली!" महाराज ओरडले. "धरा हिले!"

माणसं पुढं सरकली. त्यांना अडवलं ते बबनरावांनी. "थांबा रे! बैलं माही मेली. मले पाहू द्या पोट्टी काय म्हणते ते. खोटी निंगाली तं मंग मी हाय अन् ते हाय." ते काही दया येऊन बोलत नव्हते. पण बाजारात बैल घेताना ते दात मोजून घेणारे होते, आणि न पाहता व्यवहार करायची त्यांना सवय नव्हती.

योगिनीनं महाराजांच्या हातातला ग्लास ओढून घेतला. "बबनकाका, मोठ्याईचं पाणी कोणच्या माठातलं?"

"त्याच."

"अन् बाकीच्या बायांचं?"

"त्याच माठातलं. एकच तं माठ हाय."

"पाणी एक. बाटलीतलं रगत एक. मंग फरक कायचा?"

"बाईचा!" महाराजांनी तिथल्या तिथं उत्तर ठोकलं. "फरक बाईचा हाय!" गर्दीतून होकाराचे आवाज आले. माणूस लबाड होता, पण हजरजबाबी होता.

"ठीक हाय," योगिनी म्हणाली. "मंग बाई बदलून पाहू."

तिनं ग्लासाच्या बुडाशी बोट फिरवलं आणि बबनरावांपुढं धरलं. बोटावर चिखल होता, आणि चिखलाखाली पांढरं, बुळबुळीत काहीतरी. बबनरावांनी ते चिमटीत घेऊन चोळलं. सारा जन्म ज्यानं तळहातावर तंबाखू मळली त्याला हे सांगायला कुणी लागत नव्हतं.

"चुना हाय," ते म्हणाले.

"तुमची डबी काढा. खालच्या थप्पीतला ग्लास घेऊ नका, बाकीच्या बायांच्या थप्पीतला घ्या. तुमच्या बोटानं चुना लावा, तुमच्या हातानं माठातलं पाणी घ्या. मी हात लावत नाही."

"मातेचा कोप होईन!" महाराज बाटली छातीशी धरून मागं सरकले. "जो हात लावीन त्याचं खानदान जाईन!"

"बैलं गेली, आता काय राह्यलं?" बबनराव म्हणाले आणि त्यांनी महाराजांच्या हातातून बाटली पिरगाळून घेतली. ग्लासाच्या बुडाला चुना फासला. पाणी भरलं. थेंब टाकले.

जांभळं मळकट झालं, मग तपकिरी, मग चिखल. पुढच्या रांगेतले लोक ग्लासात वाकून पाहत होते. 

"काका, तुमी डाकीण निंगाले," योगिनी म्हणाली. "कढई पुन्हा चढवू? हात घालता काय तेलात?"

बबनरावांनी ग्लास झटकन ओट्यावर ठेवला. गर्दीत एकजण हसला आणि त्याचं त्यालाच कसंसं वाटून गप्प बसला.

ओट्यावर उताऱ्याची लिंबं पडली होती, शेंदूर लावलेली. योगिनीनं दोन लिंबं दातानं फोडली आणि मोठ्याईच्या ग्लासात पिळली. ग्लास हलवला, थांबली, पुन्हा हलवला. चिखल विरायला लागला. थोड्या वेळानं ग्लासात पिवळसर पाणी राहिलं, सरबतासारखं. तिनं तो ग्लास हातोहात पुढं दिला. "घ्या, डाकीण निर्मळ झाली. कोण्या मातेनं केली? लिंबानं केली!"

"पण पोरी, हे होते कसं?" बबनरावांनी विचारलं. आता त्यांचा आवाज खाली आला होता.

"हे रगत नाही, काका. पोटॅशियम परमँगनेट हाय. आमच्या लॅबात बाटल्या भरून हाय. आधी विहिरीत लाल दवा टाकत नव्हते काय? तेच हे."

"हो बाप्पा!" मागून एक म्हातारी म्हणाली. "पंचायतवाले टाकत. सारी विहीर गुलाबी होये."

"अन् माठात हिराकस असीन. संगं किराण्यात भेटते ते लिंबूसत्व. चाखून नका पाहू, तळ पहा."

बबनरावांनी माठ आडवा केला. पाणी वाहून गेलं आणि तळाशी न विरघळलेले हिरवट खडे राहिले. ते त्यांनी हातात घेतले, उजेडात धरले, आणि ओट्यावर मटकन बसले. "अरे हे तं मी संत्र्याले फवारतो! पानं पिवळी पडली का कृषी केंद्रातून हेच आणतो. माह्या जीपमध्ये पडलं होतं."

"हिराकशीत लोखंड असते," योगिनी सांगायला लागली. कपाळाचं रक्त ती बाहीनं पुसत होती आणि वर्गात तिला कधी धड बोलता आलं नव्हतं ते आता बोलत होती. "परमँगनेटच्या एका कणाले पाच इलेक्ट्रॉन पायजेत. लोखंडाचा कण एकच देते. म्हणून एकाले पाच लोखंड लागतात. हा हिशेब ठरलेला हाय, तो लॅबात असो का देवीच्या ओट्यावर असो, बदलत नाही. पण देणंघेणं पुरं व्हायले आठ हायड्रोजन बी लागतात, म्हणजे आंबट पाणी. आंबट असलं तं जांभळं सारं जाते. चुन्यानं आंबटपणा मारला का अर्धवट राहते, अन् गाळ बसते. माह्या हातून परवा चुकून झालं. ह्यानं जाणूनबुजून केलं. ज्या बाईवर दात, तिच्या ग्लासाले चुना."

आता लोकांनी महाराजांकडं पाहिलं. महाराज ओट्यावरून उतरून जीपकडं चालले होते. चालत होते म्हणजे पळत नव्हते, एवढंच.

"पकडा रे!"

फेटा उडाला. खाली चक्क केस रंगवलेलं डोकं होतं. कुणीतरी त्यांना पायात पाय घालून पाडलं आणि तोच आसूड, तेच हात, त्यांच्यावर तुटून पडले. चेला एका पायावर पळायला गेला, त्याला दगड बसला. महाराज "मर गया, मर गया" करत लोळत होते, तोंडातून रक्त येत होतं. "तेल तापवा रे!" गर्दीतून आवाज आला. "ह्याचेच हात घाला तेलात!"

योगिनीनं ती तोंडं पाहिली. मघाशी मोठ्याईला मारताना ही तोंडं जशी होती तशीच आताही होती. डोळे तसेच, ओरडणं तसंच. आपण एवढं सांगितलं ते ह्यांनी ऐकलं, पण त्यातून फक्त मारायला नवा माणूस शोधला. "नका मारू!" ती ओरडली. "पोलिसांच्या हवाली करा!" कोण ऐकतो.

ती ओट्यामागं गेली, टोपल्यातला आपला मोबाईल शोधला आणि ११२ लावला.

गर्दी थांबली ती गोजराबाईमुळं. ती कशीतरी उठून बसली होती. फुटक्या ओठांतून शब्द नीट येत नव्हते, पण आवाज सगळ्यांना पोचला. "सोडा त्याले! त्यानं मले बोट बी लावलं नाही!"

आसूड धरलेला हात वरच राहिला.

पोलिसांची गाडी मानोऱ्याहून आली तेव्हा ऊन उतरलं होतं. संगं गुरांचा डॉक्टरही आला, बबनरावांनीच फोन केला होता. त्यानं त्याच सकाळी मेलेल्या गाईचं पोट फाडलं. आत ज्वारीचे कोवळे कोंब होते. कापणीनंतर धसकटांना फुटतात ते. त्यात विष असतं, गुरांना तिकडं सोडू नका, असं त्यानं सांगितलं आणि हात धुऊन तो निघून गेला. एवढ्यासाठी गावानं एका बाईचे हात तळायला घेतले होते.

गाडीतून आलेल्या फौजदारबाई ओट्यावर बसल्या. महाराजांना आणि चेल्याला गाडीत घातलं. बाटली, माठ, ग्लास ताब्यात घेतले. जादूटोणाविरोधी कायदा लागतो म्हणाल्या, आणि मारहाणीचा गुन्हा वेगळा. मग विचारलं, "बाईंना कुणी मारलं?"

"महाराजानं!" सारं गाव एका तोंडानं बोललं. "त्या भोंदूनंच सारं केलं, मॅडम!"

गोजराबाईला पाणी पाजत होते. तिनं लोटा बाजूला सारला. "त्यानं थेंब टाकले," ती म्हणाली. "नुसते थेंब. मारलं तुमी. पाणी जांभळं झालं का मातकट झालं, मी म्हणते एकानं तरी विचारायचं का काहून झालं? विचारायले काही लागते काय? अन् नाही समजलं तं नका समजू, मले बी समजलं नव्हतं. पण समजलं नाही म्हणून बाईले मारायचं, हे कोण्या महाराजानं शिकवलं तुमाले? ते तं तुमाले आधीच येत होतं." चप्पल मारणारी बाई पदर तोंडात कोंबून रडायला लागली. गोजराबाईनं तिच्याकडं पाहिलंही नाही.

"नावं सांगता का?" फौजदारबाईंनी विचारलं.

गोजराबाईनं दिराकडं पाहिलं आणि मान फिरवली. एका आवारातलं घर. उद्या पुन्हा तेच दार, तीच विहीर.

"मी सांगते," योगिनी म्हणाली. आई मागून तिचा हात ओढत होती, "अवं, बाप हाय तुहा." योगिनीला रडू फुटलं होतं, आणि ती रडत रडतच बोलली. "मी डोळ्यानं पाह्यलं. पयला फटका माह्या बाबानं मारला."

जानराव धुळीत बसले होते, मान खाली घालून. ते उठले, दोन्ही हात पुढं करून फौजदारबाईंपाशी आले.

"खरं सांगते पोरगी," ते म्हणाले. "दुसराही माहाच होता. ते बी लिहा."